आधी वही वाचावी, मग डेटाबेस आखावा : व्यवसायाच्या गरजा गोळा करण्याची पद्धत

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका काजू कारखान्याचा डेटाबेस तयार करण्याचे काम काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. पहिल्याच बैठकीत मालक म्हणाले, "प्रत्येक लॉटचा हिशेब मिळाला म्हणजे झाले, बाकी काही नको." मागणी इतकी सुटसुटीत वाटली की आम्ही ती तशीच लिहून घेतली, ‘लॉट’ नावाचे टेबल आखले आणि तीन आठवड्यांनी पहिला नमुना घेऊन कारखान्यात गेलो. खरेदीच्या काट्यावर बसणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने लॉट म्हणजे एका गावातून एका दिवसात आलेल्या पोत्यांची थप्पी होती. बिया वाफवणाऱ्या मुकादमाच्या दृष्टीने लॉट म्हणजे बॉयलरमध्ये एका वेळी चढवलेला माल होता. पॅकिंगच्या खोलीत मात्र एकाच प्रतीच्या आणि एकाच तारखेच्या डब्यांवर छापला जाणारा क्रमांक म्हणजे लॉट होता. एका थप्पीचा माल दोन-तीनदा बॉयलरमध्ये जात असे, आणि एका डब्यात चार थप्प्यांचा गर येत असे. आमच्या एका टेबलात या तीन वेगवेगळ्या वस्तू कोंबल्या गेल्या होत्या, आणि तीन आठवड्यांचे काम आम्हाला टाकून द्यावे लागले. चूक मालकांची नव्हती. त्यांनी आपल्या व्यवसायातला रोजचा शब्द वापरला होता, आणि आम्ही त्याचा अर्थ विचारला नव्हता.

त्या अनुभवापासून आम्ही गरजा गोळा करण्याचा क्रम बदलला. स्क्रीन कशी असावी, कोणते सॉफ्टवेअर वापरावे, माहिती क्लाउडवर ठेवावी की कार्यालयातल्या संगणकावर, हे सर्व प्रश्न मागे ठेवून आधी एकच गोष्ट निश्चित करावी : टेबलातील एका ओळीचा अर्थ काय? ‘एक ओळ म्हणजे एका शेतकऱ्याकडून एका वेळी, एका दराने घेतलेल्या बिया’ असे एक वाक्य कारकून, मुकादम आणि मालक या तिघांनाही मान्य होत नसेल, तर त्या टेबलाचे रकाने ठरवण्यात अर्थ नाही. पुढील मजकूर याच क्रमाने लिहिला आहे. उदाहरणे मुख्यतः काजूच्या कारखान्यातली असली, तरी हॉटेल, भाड्याच्या गाड्यांचा व्यवसाय किंवा मासळीचा व्यापार यांनाही पद्धत तीच लागू पडते.

कोणाला विचारावे आणि काय विचारावे

मालकांशी बोलणे आवश्यकच असते, कारण पैसे त्यांचे असतात आणि कोणते निर्णय घ्यायचे आहेत हे त्यांनाच ठाऊक असते. परंतु काम प्रत्यक्षात कसे चालते, हे मालक सहसा जसे चालायला हवे तसे सांगतात. म्हणून मालकांकडून निर्णयांची यादी घ्यावी आणि कामाची पद्धत काम करणाऱ्यांकडून समजून घ्यावी. काट्यावरचा कारकून, हिशेबनीस, गोदाम सांभाळणारा, पॅकिंगची मुकादमीण, आणि महिन्यातून एकदा येणारा करसल्लागार, या प्रत्येकाला स्वतंत्रपणे भेटावे. सर्वांना एका खोलीत बसवून विचारल्यास मालकांसमोर कोणीही वेगळे बोलत नाही.

‘तुम्हाला काय हवे?’ हा सर्वांत कमी उपयोगाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एक तर ‘सगळे’ असे येते किंवा दुसऱ्या कोणाकडे पाहिलेल्या सॉफ्टवेअरचे वर्णन ऐकायला मिळते. त्याऐवजी घडून गेलेल्या एका ठरावीक प्रसंगाबद्दल विचारावे : "काल संध्याकाळी शेवटचा शेतकरी आला, तेव्हा तुम्ही काय काय केलेत, ते क्रमाने सांगा." माणूस आठवून सांगू लागला की, पोते काट्यावर ठेवण्यापूर्वी हात घालून बिया चाचपल्या, दोन बिया कापून पाहिल्या, दर थोडा कमी सांगितला, घासाघीस झाली, अशा कोणत्याही अर्जात न येणाऱ्या पायऱ्या बाहेर येतात. आणि कोणी ‘नेहमी’ हा शब्द वापरला की तेथे थांबावे. "आम्ही नेहमी रोख देतो" असे उत्तर आले, तर "गेल्या हंगामात कधी रोख दिली नाही, असे झाले का?" असे विचारावे. बहुतेक वेळा झालेले असते, आणि त्या अपवादांसाठीच कोणी तरी एक वेगळी वही ठेवलेली असते.

गोव्यात या मुलाखतींना भाषेची एक बाजू असते. बोलणे कोंकणीत होते, वही मराठीत लिहिलेली असते आणि बिले इंग्रजीत छापलेली असतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि शासकीय कामासाठी मराठीचाही वापर मान्य केला, पण दुकानात आणि कारखान्यात हे त्रैभाषिक चलन कायद्याची वाट न पाहता केव्हापासूनच चालत आले आहे. एकाच वस्तूला तीन नावे असतात आणि ती तिन्ही लिहून घ्यावी लागतात. काजूगराचेच पाहा : निर्यातीच्या कागदावर ‘डब्ल्यू २४०’ किंवा ‘डब्ल्यू ३२०’ अशी प्रत असते आणि तो आकडा एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात, हे दाखवतो. आकडा जितका लहान, तितका गर मोठा. दुकानात मात्र गिऱ्हाईक ‘मोठे काजू’, ‘पाकळी’ किंवा ‘कणी’ मागते. म्हणून प्रत एक आणि तिची नावे अनेक, अशी तरतूद सुरुवातीलाच लिहून ठेवावी. ती नसेल, तर सहा महिन्यांत एकाच मालाच्या चार नोंदी तयार होतात आणि साठ्याचा मेळ बसत नाही.

कागद काय सांगतात

मुलाखतीइतकाच, आणि माझ्या मते त्याहून अधिक, भर कागदांवर द्यावा. पावतीपुस्तके, खरेदीची वही, बँकेत भरलेल्या रकमांच्या चिठ्ठ्या, एक्सेलच्या फाइली, कारखान्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि भिंतीवरचे कॅलेंडर, यांपैकी काहीही क्षुल्लक मानू नये. कोऱ्या नमुन्यापेक्षा भरलेला कागद मागावा, आणि तोही गर्दीच्या दिवसाचा. सांडलेल्या चहाचा डाग असलेले एप्रिलमधले पान जुलैमधल्या स्वच्छ पानापेक्षा जास्त बोलते.

त्या कारखान्यातील खरेदीच्या वहीतली एक ओळ अशी होती : ‘ता. १२, बिया ४३.५००, वजा १.५००, दर १२०, उचल २०००, दिले ३०४०’. शेजारच्या समासात पेन्सिलीने गोल करून ‘ओ’ असे लिहिले होते. हिशेब सरळ आहे : ४२ किलोचे ५०४० रुपये, त्यांतून उचलीचे २००० कापून हाती ३०४०. परंतु या एका ओळीत डेटाबेसच्या पाच गरजा दडलेल्या होत्या आणि त्यांपैकी तीन मुलाखतीत कोणीही सांगितल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट ‘वजा’. हे पोत्याचे वजन असावे, असे आम्ही धरून चाललो होतो, पण पोत्याचे वजन ठरलेले असते आणि येथे आकडा दर ओळीत बदलत होता. चौकशीअंती कळले की त्यात पोते, कचरा आणि ओलाव्यापोटीची घट एकत्र धरलेली असते. मालकांना ओलाव्याची घट वेगळी पाहायची होती, म्हणजे एका रकान्याचे तीन रकाने करणे भाग होते. दुसरी गोष्ट समासातला ‘ओ’. ‘ओली’ या शब्दाचे ते आद्याक्षर होते, आणि अशा बिया वाळवणीवर जास्त दिवस ठेवाव्या लागत. छापील वहीत प्रतीसाठी रकानाच नव्हता, म्हणून कारकुनाने समास वापरला होता. वहीचा समास, मागचे पान आणि लाल शाई येथे छापील नमुन्यात न मावलेल्या गरजा साठतात, आणि त्या शोधण्यासाठी किमान दोन हंगामांच्या वह्या पानोपान उलटाव्यात, असा माझा आग्रह असतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘उचल’. शेतकरी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी खर्चासाठी आगाऊ रक्कम घेऊन जातो आणि पुढच्या मार्च ते मेच्या हंगामात बिया घालून ती फेडतो. चवथ ऑगस्ट-सप्टेंबरात येते आणि फेड पुढच्या वसंतात होते. कधी ती आर्थिक वर्षाच्या सीमेपलीकडे, एप्रिल-मेमध्ये जाते, आणि पीक कमी आले तर त्याच्याही पुढच्या हंगामावर ढकलली जाते. म्हणजे कारखान्याचे शेतकऱ्याशी असलेले नाते खरेदीच्या एका पावतीपुरते नसून वर्षानुवर्षे चालणाऱ्या खात्याचे असते. आमच्या पहिल्या आराखड्यात शेतकऱ्याचे खातेच नव्हते, फक्त खरेदी होती.

ओळ, ओळख आणि नाते

एवढे साहित्य जमल्यावर टेबलांचा कच्चा आराखडा काढता येतो. १९७० मध्ये आयबीएममधील एडगर कॉड यांनी माहिती टेबलांच्या रूपात मांडण्याचे रिलेशनल मॉडेल मांडले, आणि १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांच्यामधील नाती चौकोन आणि रेषांनी दाखवण्याची पद्धत दिली. आजही व्यवसायाचा डेटाबेस आखताना बहुतेकदा हीच दोन साधने हाताशी असतात. कारखान्यात बसून चौकोन काढताना मात्र ही नावे घेण्याची गरज नसते. एका मोठ्या कागदावर ‘शेतकरी’, ‘खरेदी’, ‘थप्पी’, ‘बॉयलरचा घाण’ (म्हणजे एका वेळी चढवलेला माल), ‘डबा’ असे चौकोन काढावेत आणि प्रत्येक जोडीसाठी दोन्ही बाजूंनी प्रश्न विचारावा : एका थप्पीचे किती घाण होतात? एका घाणात किती थप्प्यांचा माल येऊ शकतो? दोन्ही उत्तरे ‘अनेक’ अशी आली, तर मधे तिसरे टेबल लागते आणि त्यात किती किलो कोठून कोठे गेले, ते लिहावे लागते. हे मधले टेबल नेमके कोण भरणार, हा प्रश्न त्याच वेळी विचारावा. उत्तर मिळत नसेल, तर ते टेबल कागदावरच राहणार आहे, हे ओळखावे.

या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते, कारण गरजा गोळा करण्यातला सर्वांत अवघड संवाद येथेच होतो. मालकांची खरी इच्छा होती ती अशी : कोणत्या गावच्या बियांना गराचा उतारा चांगला पडतो, ते कळावे. साधारण चार किलो बियांमागे एक किलोच्या आसपास गर मिळतो, आणि या प्रमाणात थोडासा फरक पडला तरी पुढच्या हंगामात कोणत्या गावाला किती दर द्यायचा, हे त्यावर ठरवता येते. प्रश्न अत्यंत योग्य होता. परंतु वाळवणीच्या अंगणात सर्व गावांच्या बिया एकत्र पसरल्या जात होत्या. एकदा त्या मिसळल्या की कोणताही डेटाबेस त्यांना पुन्हा वेगळे करू शकत नाही. आम्ही मालकांपुढे दोन मार्ग ठेवले. एक तर अंगणाचे पट्टे पाडून गाववार वाळवण करावी आणि प्रत्येक घाणाला पट्ट्याचा क्रमांक द्यावा, किंवा हा रिपोर्ट मागू नये. त्यांनी मोठ्या चार गावांसाठी पट्टे पाडले आणि उरलेला माल ‘इतर’ म्हणून एकत्र ठेवला. गरजांच्या कागदावर आम्ही तो रिपोर्ट चार गावांपुरताच लिहिला. रिपोर्टची मागणी आली की तो तयार होण्यासाठी कोणाला, कोठे, किती वेळा काय लिहावे लागेल, हे त्याच बैठकीत सांगून टाकावे. काही मागण्या तेथेच गळून पडतात आणि पुढचे अनेक महिने वाचतात.

ओळख हा दुसरा कसोटीचा विषय आहे. सत्तरी तालुक्यातल्या एका गावात एकाच नावाचे आणि आडनावाचे तीन गावकर असणे मुळीच अवघड नाही. वहीत त्यांना वाड्याच्या नावाने किंवा घराण्याच्या टोपणनावाने ओळखले जाते. मोबाइल क्रमांकाला ओळख मानण्याचा मोह होतो, परंतु एकच फोन बाप, मुलगा आणि शेजारी असे तिघे वापरतात, आणि क्रमांक बदलतात तो भाग वेगळाच. आधार क्रमांकाला ओळखक्रमांक करण्याची सूचना हमखास येते. ती नाकारावी. डेटाबेसने स्वतःचा निरर्थक क्रमांक द्यावा, आणि माणसाला ओळखण्यासाठी नाव, वाडा, गाव आणि फोन हे चारही एकत्र दाखवावेत.

नावे लिहिण्याचा निर्णयही याच वेळी घ्यावा. देवनागरीत नाईक आणि नायक अशी दोन रूपे चालतात. रोमन लिपीत तर एकाच आडनावाची एक इंग्रजी वळणाची आणि एक पोर्तुगीज काळातली, अशी स्पेलिंगे एकाच घरात सापडतात. बँकेला आणि पॅन कार्डाला रोमन रूप अक्षरशः तसेच लागते, आणि कारकुनाला शोधायला देवनागरी सोयीचे पडते. म्हणून दोन रकाने ठेवावेत आणि एकावरून दुसरे आपोआप बनवण्याच्या भानगडीत पडू नये.

पत्त्याच्या बाबतीत शहरांसाठी बनवलेले नमुने गोव्यात निरुपयोगी ठरतात, कारण रस्त्याचे नाव आणि गल्ली यांऐवजी येथे घर क्रमांक, वाडा, गाव आणि तालुका लागतो. बारा तालुक्यांची यादी बसवून टाकावी, असे वाटते, पण धारबांदोडा हा तालुका अलीकडचा आहे आणि सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गाहूनही बिया येतात. म्हणून तालुका आणि राज्य यांच्या याद्या बदलता येण्याजोग्या असाव्यात. नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य दाखवतात, गोव्याचे ३० आणि महाराष्ट्राचे २७. टंकनातली चूक पकडण्यासाठी ते पत्त्याशी ताडून पाहण्याचा नियम सुरुवातीलाच लिहिलेला बरा.

वजन किलोमध्ये तीन दशांश स्थळांपर्यंत आणि रक्कम पैशांसह अचूक दशांश प्रकारात ठेवावी, अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात नव्हे. याबद्दल यापेक्षा अधिक लिहिण्याची गरज नाही.

बदलणाऱ्या गोष्टी

कोणतीही किंमत, दर किंवा यादी समोर आली की ‘हे शेवटचे केव्हा बदलले?’ असे विचारावे. हॉटेलांचे उदाहरण गोव्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांना पूर्वी जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून त्यांनाही १२ टक्के लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांचा दर ५ टक्के झाला. ज्या डेटाबेसमध्ये दर एकाच जागी लिहून तोच बदलला जातो, तेथे जुने बिल पुन्हा छापले की त्यावर नवा कर येतो. दर ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ या तारखांसह वेगळ्या टेबलात ठेवावा, एवढे वाक्य गरजांच्या कागदात असले की हा प्रश्न मिटतो.

न बदलणाऱ्या वाटणाऱ्या गोष्टीही बदलतात. पणजीतील एका गाड्या भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘विमानतळावर सोडणे’ अशी एकच खूण होती, कारण गोव्यात विमानतळ एकच होता. जानेवारी २०२३ मध्ये पेडणे तालुक्यातल्या मोपा येथील नव्या विमानतळावरून विमाने उडू लागली, आणि त्या खुणेवरून चालकाला दाबोळीच्या जुन्या विमानतळावर जायचे की मोपाला, हे कळेनासे झाले. दोन टोकांमधले अंतर पाहता ही चूक प्रवाशाला विमान चुकवायला लावणारी होती. ‘आज एकच आहे’ असे उत्तर मिळेल, तेथे दुसरे आले तर काय होईल, हे विचारून ठेवावे.

कराच्या नियमांतून काही रकाने थेट जन्माला येतात, म्हणून करसल्लागाराची भेट शेवटी नव्हे, मधेच घ्यावी. न सोललेल्या काजू बिया नोंदणीकृत कारखान्याने शेतकऱ्याकडून घेतल्या, तर कर भरण्याची जबाबदारी रिव्हर्स चार्जनुसार, म्हणजे विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने कर भरण्याच्या नियमाने, कारखान्यावर येते. त्याच बिया नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतल्या, तर कर तो लावतो. म्हणजे विक्रेता शेतकरी आहे की व्यापारी, हा रकाना रिकामा राहून चालणारच नाही. काट्यावर बसलेल्या कारकुनाला हा फरक माहीत असण्याचे कारण नव्हते, आणि वहीतही त्याचा मागमूस नव्हता.

वर्षाची कल्पनाही तपासून घ्यावी. हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणजे काजूचा हंगाम बरोबर मधून कापला जातो. मासेमारीत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी किनाऱ्यावर असतात, त्यामुळे ‘गेल्या महिन्याशी तुलना’ हा रिपोर्ट ऑगस्टमध्ये हास्यास्पद दिसतो. मालक ‘यंदा’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात कोणते वर्ष असते, हे विचारावे आणि हंगाम हा स्वतंत्र रकाना ठेवावा.

कोण पाहील, किती टिकेल, बंद पडले तर काय

प्रत्येक टेबलासाठी कोण भरेल, कोण दुरुस्त करेल आणि कोण केवळ पाहील, हे लिहून घ्यावे. दुरुस्तीचा प्रश्न विशेष नाजूक असतो. वहीत चुकीचा आकडा एका रेघेने खोडून वर नवा लिहितात, म्हणजे जुना आकडाही दिसतो. डेटाबेसमध्ये तो पुसला जाऊ नये, जुना आकडा, नवा आकडा आणि बदलणाऱ्याचे नाव राहावे, अशी मागणी हिशेबनिसांकडून बहुधा येतेच, आणि ती मान्य करावी.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख ज्या कामासाठी माहिती घेतली, त्या कामापुरतीच ती घेण्यावर आहे. शेतकऱ्यांच्या आधार कार्डांची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडून असतील, तर ती नव्या डेटाबेसमध्ये आणण्याऐवजी त्यांची गरज कोठे आहे, हे आधी विचारावे. दुसऱ्या बाजूने, जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. काय ठेवायचे आणि काय काढून टाकायचे, याची तारीखवार यादी करसल्लागाराकडून तपासून घ्यावी.

बॅकअपविषयी तांत्रिक चर्चा करण्याऐवजी दोन साधे प्रश्न विचारावेत : किती वेळाच्या नोंदी गेल्या तर चालेल, आणि किती वेळ काम बंद राहिले तर चालेल? कारखान्यात याची उत्तरे महिन्यानुसार वेगळी आली. ऑगस्टमध्ये दोन दिवस बंद राहिले तरी कोणाचे अडत नव्हते. एप्रिलच्या संध्याकाळी, रांगेत वीस शेतकरी उभे असताना, दहा मिनिटेही फार होती. गावाकडे नेटवर्क जाते आणि वळवाच्या पावसात वीज जाते, म्हणून काट्यावर इंटरनेटविना पावती निघावी, ही गरज यादीत सर्वांत वर गेली. शेतकऱ्याला आधारभूत किमतीच्या योजनेसाठी विक्रीच्या पावत्या लागतात. त्यामुळे ‘नंतर पावती देऊ’ हे उत्तर त्याला चालत नाही.

लिहिणे आणि पडताळणे

गरजांच्या कागदाचे पहिले पान शब्दांच्या अर्थांना द्यावे : थप्पी, घाण, लॉट, उचल, वजा, उतारा. पुढे प्रत्येक गरज अशा वाक्यात लिहावी की ती पूर्ण झाली की नाही, हे त्रयस्थालाही तपासता यावे. ‘शोध जलद असावा’ हे वाक्य काहीच सांगत नाही. ‘फोनचे शेवटचे चार आकडे टाकल्यावर शेतकऱ्याचे खाते आणि उचलीची बाकी दोन सेकंदांत दिसावी, आणि एकाहून अधिक खाती आढळल्यास वाड्याच्या नावासह यादी यावी’ हे वाक्य काट्यावर उभे राहून तपासता येते. प्रत्येक गरजेपुढे ती कोणी सांगितली, हेही लिहावे. सहा महिन्यांनी वाद झाल्यास कोणाला विचारायचे, ते कळते.

नंतर एकही ओळ कोड लिहिण्यापूर्वी आराखड्याची कागदी परीक्षा घ्यावी. टेबले मोठ्या कागदांवर आखावीत, मागच्या हंगामाच्या वहीतल्या वीस नोंदी निवडाव्यात आणि त्या कारकुनाच्या हातून भरून घ्याव्यात. नोंदी निवडताना स्वच्छ पाने टाळावीत. खाडाखोड झालेली, दोघांनी मिळून एक पोते आणलेली, बिया परत नेलेली, दर दुपारी बदललेला, अशाच नोंदी घ्याव्यात. जी नोंद बसत नाही, तेथे एखादी गरज सुटलेली असते. आमच्या कारखान्यात अकराव्या नोंदीला अडलो : मुलाने बिया आणल्या होत्या आणि पैसे वडिलांच्या उचलीतून कापले होते. माल देणारा आणि ज्याच्या खात्यात जमा करायचे तो, हे दोन वेगळे रकाने त्या दुपारी तयार झाले.

जुनी माहिती आणण्याचा खर्च नेहमी कमी धरला जातो. अनेक जुन्या मराठी फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. त्या उघडल्यावर अक्षरांऐवजी चिन्हांची रांगोळी दिसते, रूपांतर केल्यावरही जोडाक्षरे तपासावी लागतात. सगळा इतिहास आणण्याऐवजी उचलीच्या बाक्या आणि चालू शेतकऱ्यांची यादी तेवढी आणावी, बाकी वह्या कपाटात ठेवाव्यात.

वेळापत्रक हंगामाभोवती बांधावे. काम पाहायचे तर एप्रिलमध्ये जावे, पण तेव्हा कोणाला बोलायला सवड नसते. सविस्तर बोलायचे तर जून-जुलैमध्ये जावे, पण तेव्हा पाहायला काही नसते. म्हणून दोन्ही वेळा जावे. उचलीचा भाग चवथीपूर्वी सुरू करावा, कारण खात्यांची पहिली खरी हालचाल तेव्हाच होते, आणि खरेदीचा भाग फेब्रुवारीपर्यंत तयार ठेवावा. पहिल्या हंगामाचे पहिले पंधरा दिवस वही आणि डेटाबेस दोन्ही चालवावेत आणि रोज संध्याकाळी काटा बंद झाल्यावर कारकुनाबरोबर बसून दोन्हींची बेरीज ताडून पाहावी. फरक आला, तर आधी वहीचा समास पाहावा.